परीक्षकांपुढील पेल्याचे अर्थशास्त्र

भाईंदर-नायगाव परिसरातील गरीब वस्त्यांतून घडलेल्या ‘व्ही. अनबीटेबल’ या नृत्यपथकाने फेब्रुवारी २०२० मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ ही स्पर्धा जिंकली, तेव्हा मीरा-भाईंदरकरांना झालेला आनंद रास्तच होता. आदल्या वर्षी हेच पथक मूळ स्पर्धेत चौथे आले होते. त्या वेळी मुले एकमेकांच्या खांद्यांवरून हवेत झेपावत आणि कॅमेरा वारंवार परीक्षकांच्या चकित मुद्रांकडे वळे. त्या मुद्रांपुढे ‘डंकिन’ या कॉफीविक्रेत्या कंपनीचे पेले मांडलेले असत. ते तेथे योगायोगाने आले नव्हते. ती जागा विकत घेतलेली होती. ‘अमेरिकन आयडॉल’च्या मेजावर कोका-कोलाने २००२ पासूनच हा पायंडा पाडला होता.

प्रायोजक आपल्याला नवे नाहीत. १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ किंवा १९९३ ची ‘क्लोजअप अंताक्षरी’ दंतमंजनाचे नाव उघड मिरवीत असे आणि त्यात फसवणूक कसलीच नव्हती. पुढे ‘आयडिया सा रे ग म प’च्या काळात दूरध्वनी कंपनीचे नाव शीर्षकात आले आणि प्रेक्षकाचे मत भ्रमणध्वनीच्या संदेशातून जाऊ लागले. म्हणजे कौतुक हाच विक्रीचा माल झाला!

केबल दूरचित्रवाणीसंबंधीच्या १९९४ च्या नियमांनुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. जे दुर्मीळ ते महाग, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. मिनिटे मोजली जातात. मेजावरचा पेला मिनिटांत मोजायचा कसा? शिवाय जाहिरात लागताच प्रेक्षक वाहिनी बदलतो, पण ऐन कसरतीच्या क्षणी तो जागचा हलत नाही. ब्रिटनने २०११ मध्ये अशा मांडणीस परवानगी दिली, ती पडद्यावर ‘पी’ हे अक्षर दाखवण्याच्या अटीवर. एवढी सूचना आपल्याकडे जड जाण्याचे कारण नाही.

आता बक्षिसाकडे पाहू. अमेरिकेतील मूळ स्पर्धेचे दहा लाख डॉलर चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी मिळतात. एकरकमी हवे असल्यास त्यांचे आजचे मूल्य घ्यावे लागते. वर्षाला पंचवीस हजार, व्याजदर शेकडा पाच धरला, तर ते सुमारे ४ लाख ३० हजार भरते. मोठा आकडा निवेदक घोषित करतो, अट बारीक अक्षरांत असते.

आणि जोखीम कोणाची? या पथकाच्या नावातील ‘व्ही’ हे सरावातील अपघातानंतर दिवंगत झालेल्या सहकाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर आहे. प्रायोजक येतो तो यशाची चाहूल लागल्यावर. त्याआधीची वर्षे घरच्या मिळकतीवर निघतात. आमच्या वर्गातील एक विद्यार्थी संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर कोलांट्यांचा सराव करतो. गादी त्याच्या आईने हप्त्याने घेतली आहे. ‘विमा काढला आहेस का?’ असे परवा विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘सर, आधी निवड तर होऊ द्या.’