भिंतीपलीकडचा चीन

चीनची मोठी भिंत म्हणजे चीनची हद्द, असे आम्हीही समजत होतो. नकाशा पाहिला, तर भिंतीच्या उत्तरेलाही चीनच! हे कसे झाले?

चीनचे मूळ घर पीत नदीच्या काठी. तिथली माती पिवळी, भुसभुशीत. तीत राळे पिके. उत्तरेला पाऊस कमी. तिथे नुसते गवत, आणि त्यावर मेंढ्या-घोडे पाळणारे लोक. शेत जिथे संपे, तिथे राजाचा अंमलही डळमळे. शिपायाला रोज खायला हवे ना! गाडीने धान्य न्यावे, तर वाटेतच बरेचसे गाडीवान नि बैल खात. म्हणून राजा बळकट असला की हद्द पुढे जाई, दुबळा झाला की मागे येई. 1127 साली तर उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी हे मूळ घरच घेतले. सुंग राजांचा दरबार दक्षिणेत पळाला.

पुढे मिंग राजांनी विटा-दगडांची भिंत बांधली. 1644 साली बंडवाल्यांनी पेकिंग घेतले, तेव्हा मिंगांच्याच सेनापतीने भिंतीचा दरवाजा पलीकडच्या मांचूंना उघडून दिला. मांचूच राजे झाले. त्यांचा मुलूख तर भिंतीबाहेरचा. तो त्यांनी राखला, वर मंगोलिया, तिबेटही अमलाखाली आणले. हद्दीवरची भिंत राज्याच्या पोटात गेली.