मुस्तफाचा बाप कोण?

पहिला धक्का आधीच देऊन टाकू: 'मुस्तफा' नावाचा गेम जपानमध्ये कोणी बनवलाच नाही. नव्वदच्या दशकात भिवंडीतल्या गेमच्या दुकानांत पोरं ज्या मशीनला चिकटून उभी राहायची, त्या गेमचं पाळण्यातलं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, तोही मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून. खेळाडू चार: जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीवाला मुस्तफा कैरो. कथेचा हिरो जॅक. पण चपळाईत मुस्तफाचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि नावही अगदी आपल्या गल्लीतलं. झालं, भिवंडी, मालेगाव, कल्याण, सगळीकडे गेमचंच बारसं पुन्हा झालं.

पण हा गेम बनवला कोणी? हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातही आला नाही. डोकं बॉसला मारण्यात गुंतलं होतं. पुढे जगभरातल्या काही चाहत्यांनी मात्र तो मनावर घेतला. जुन्या जपानी आर्केड गेमच्या निर्मात्यांना शोधून काढलं, समोर बसवलं आणि बोलतं केलं. त्यातून आणि त्या निर्मात्यांच्या इतर मुलाखतींतून जे बाहेर आलं, त्यातला हा निवडक ऐवज.

नाव सांगशील तर खबरदार!

जुन्या जपानी गेमच्या शेवटी नावं यायची, पण खरी क्वचितच. कंपन्यांना धास्ती होती की नाव कळलं तर शेजारची कंपनी माणूस फोडेल. म्हणून सगळा टोपणनावांचा कारभार. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) मधला 'निन-निन' म्हणजे आकिरा निशितानी. 'आकिमान' म्हणजे चित्रकार आकिरा यासुदा. 'शिमो-पी' म्हणजे संगीतकार योको शिमोमुरा. ज्या धुना ऐकून पोरं शाळा बुडवत होती, त्यातल्या बहुतेक सगळ्या एका तरुण मुलीने रचल्या होत्या, हे त्या पोरांना कळायला कितीतरी वर्षं गेली.

साहेब, तुमच्या ऑफिसचा नकाशा काढून द्या

जॉन श्चेपानियाक हा गेमवर लिहिणारा पत्रकार. त्याने २०१३ मध्ये लोकवर्गणी काढली, जपान गाठलं आणि जुन्या निर्मात्यांच्या मुलाखतींचा सपाटा लावला. २०१४ पासून त्याचे तीन जाडजूड खंड निघाले. त्याची एक युक्ती झकास होती: समोरच्याच्या हातात कागद-पेन द्यायचं आणि म्हणायचं, तुमच्या जुन्या ऑफिसात कोण कुठे बसायचं ते काढून दाखवा. वीस-तीस वर्षांपूर्वीची तारीख विचारली तर माणूस डोकं खाजवतो. पण टेबल काढलं की शेजारी कोण बसायचं ते आठवतं, त्याच्याशी झालेलं भांडण आठवतं, रात्री कोण टेबलाखाली झोपायचं तेही आठवतं.

मशीन दमलं आणि गेम रंगला

'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) हा ताइतो कंपनीचा गेम. तोमोहिरो निशिकादो यांनी तो जवळजवळ एकहाती बनवला, त्यासाठी लागणारं यंत्रसुद्धा स्वतःच जुळवलं. मोठी गंमत वेगाची. पडद्यावर खूप शत्रू असले की बिचाऱ्या प्रोसेसरला सगळे रेखाटता रेखाटता धाप लागायची, म्हणून ते संथ सरकायचे. जसजसे मरत जायचे तसतसं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले सुसाट सुटायचे. निशिकादोंच्या लक्षात आलं की खेळणाऱ्याला घाम फुटतोय, ते मजेचंच आहे. मग तसंच राहू दिलं. शत्रू म्हणून माणसं घ्यायचाही विचार झाला होता. माणसांवर गोळ्या झाडणं कंपनीला रुचेना, मग परग्रहावरचे प्राणी आले.

नाण्यांच्या टंचाईची थाप

या गेममुळे जपानात शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली, ही कथा तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. चाहत्यांनी टांकसाळीचे आकडे काढून पाहिले. त्यात असं काहीच दिसत नाही. मशीनच्या पोटातली नाणी गल्लेवाला रोज बँकेत भरणारच ना!

साहेब म्हणाले गाडी, याने बनवलं विमान

योशिकी ओकामोतो कोनामी कंपनीत नोकरीला. साहेबांचा हुकूम होता, गाडी चालवायचा गेम बनव. ओकामोतोंना विमानाचा बनवायचा होता. मग वरवर 'हो साहेब' आणि आतून प्रोग्रामरला हाताशी धरून विमानाचं काम सुरू. अशा चोरीछुपे जन्मलेल्या 'टाइम पायलट'ने (१९८२) चांगला धंदा केला. पुढे पगारावरून बिनसलं, नोकरी गेली. ओकामोतो कॅपकॉमला गेले आणि '१९४२' बनवला. हाच तो 'विमानवाला गेम'. त्यात आपण अमेरिकी वैमानिक आणि पाडायची विमानं जपानी. बनवणारे जपानी! कारण साधं: गेम अमेरिकेत खपवायचा होता. पुढे हेच ओकामोतो 'स्ट्रीट फायटर २'चे निर्माते झाले आणि २०१३ मध्ये 'मॉन्स्टर स्ट्राइक' हा मोबाइल गेम काढून पुन्हा मैदान मारलं.

कॉम्बो ही चूक होती

एकामागोमाग एक ठोसे लावायचे आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही: आज मारामारीचे सगळे गेम या 'कॉम्बो'वर चालतात. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये तो ठरवून घातला नव्हता. गाडी फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना नोरिताका फुनामिझु यांना दिसलं की अचूक वेळ साधली तर मधेच जादा ठोसा बसतो. त्यांना वाटलं, इतकी नेमकी वेळ साधणार कोण? राहू दे. वेळ कोणी साधली, ते जगभरच्या दुकानांतल्या पोरांना विचारा.

धालसीमचे हात लांब कसे?

त्याच गेममधला आपला भारतीय गडी धालसीम. मागे हत्ती, गळ्यात कवट्या, तोंडातून आग आणि हात रबराचे. 'असले योगी कुठे पाहिले यांनी?' असं वाटलं असेल, तर १९७६ चा 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' हा कुंग-फू सिनेमा पाहा. त्यात हात लांब करणारा भारतीय योगी आहे. धालसीमचं गोत्र ऋषिकेशपेक्षा या सिनेमाशी जास्त जुळतं.

नकली मालाने असली सुधारला

'स्ट्रीट फायटर २'मधला हवेत उडता उडता आग फेकणारा र्‍यू आठवतोय? बटण दाबलं की लढाईच्या मधेच खेळाडू बदलायचा तो? ती कॅपकॉमची करामत नव्हे. तो होता नकली बोर्डवरचा छेडछाड केलेला गेम, 'रेनबो एडिशन'. खरी मजा पुढे आहे. कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतल्या जेम्स गोडार्ड यांनी तो एका दुकानात पाहिला. वेडाचार होता, पण वेग भन्नाट. लोकांना वेग हवाय हे त्यांनी कंपनीच्या गळी उतरवलं आणि १९९२ मध्ये अधिकृत, वेगवान 'टर्बो' आला. चोराच्या मालावरून सावकार शिकला!

एकच माणूस, दोन्ही तंबूत

'स्ट्रीट फायटर भारी की किंग ऑफ फायटर्स?' यावरून मैत्री तुटायची वेळ आली असेल तर ऐका. पहिला 'स्ट्रीट फायटर' (१९८७) बनवणारे ताकाशी निशियामा. नंतर ते एसएनके कंपनीत गेले, 'फेटल फ्युरी' उभा केला आणि 'किंग ऑफ फायटर्स'लाही हातभार लावला. त्याआधी आयरेम कंपनीत 'कुंग-फू मास्टर' (१९८४) त्यांचाच. म्हणजे भांडण होतं एकाच माणसाच्या मुलांचं.

पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या एका मशीनवर दोन मोठी रबरी बटणं होती. जितक्या जोरात हाणाल तितका जबरा ठोसा. लोकांनी अशी काही बडवाबडवी केली की हातही दुखले आणि यंत्रंही मोडली. मग सहा साधी बटणं आली आणि तीच कायमची झाली.

शाळेतलं प्रेम, गेमचा हिरो

योशिहिसा किशिमोतो शाळेत मारामाऱ्यांसाठी प्रसिद्ध. प्रेयसीने सोडल्यावर तर विचारूच नका. या आयुष्यावर त्यांनी १९८६ मध्ये 'कुनिओ-कुन' हा गेम बेतला. हिरोचं नाव मात्र टेक्नोस कंपनीच्या मालकांचं, कुनिओ ताकी. मालकाचं नाव गुंडागर्दी करणाऱ्या पोराला द्यायचं आणि नोकरीही टिकवायची, याला धाडस लागतं. पुढच्याच वर्षी किशिमोतोंचा 'डबल ड्रॅगन' आला. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत लढतात आणि शेवटी मुलीसाठी एकमेकांवरच तुटून पडतात! फ्लोरेंट गोर्ज या फ्रेंच चाहत्याने किशिमोतोंवर अख्खं पुस्तक लिहिलं.

झटपट सहा

• 'मेटल स्लग' (१९९६) मध्ये सुरुवातीला हिरो रणगाडाच होता. चाचणीत लोकांना तो फारसा रुचला नाही. मग सैनिक आले आणि रणगाडा वाटेत मिळणारं वाहन झाला.

• 'बबल बॉबल' (१९८६) चे फुकिओ मित्सुजी यांना वाटायचं, दुकानात जोडप्यांनी यावं. म्हणून खरा शेवट दोघांनी मिळून खेळल्यावरच दिसतो.

• 'पॅक-मॅन' (१९८० चा) म्हणजे एक तुकडा काढलेला पिझ्झा, ही गोष्ट अर्धीच खरी असल्याचं तोरू इवातानींनीच कबूल केलं.

• 'आउट रन' (१९८६) साठी यु सुझुकी यांनी युरोपात भाड्याची गाडी घेऊन भटकंती केली. कामाच्या नावाखाली फिरणं कसं असावं याचा हा नमुना.

• घरच्या व्हिडिओ गेमवर 'कॉन्ट्रा'त तीस जीव देणारी ती वर-वर-खाली-खालीची कळ काझुहिसा हाशिमोतो यांची. 'ग्रेडियस'ची घरगुती आवृत्ती तपासताना त्यांना स्वतःलाच तो गेम जमेना, म्हणून त्यांनी ती घातली.

• हातानं लिहून, स्टेपल मारून 'गेम फ्रीक' नावाचं आर्केडवेड्यांचं नियतकालिक काढणारा एक पोरगा होता, सातोशी ताजिरी. १९८३ ची गोष्ट. पुढे त्याच नावाची कंपनी झाली आणि १९९६ मध्ये तिनं 'पोकेमॉन' काढला.

छप्पन्न पिनांची किमया

आता हा सगळा माल भिवंडीच्या एकाच लाकडी डब्यात कसा मावला? १९८५ च्या सुमारास जपानी मशीनवाल्यांच्या 'जामा' या संघटनेने जोडणीचं एकच माप ठरवलं: छप्पन्न पिनांची एक पट्टी. पडदा, स्टिक, बटणं, स्पीकर, कॉइनची वायर, सगळं त्या एका पट्टीवर. जुना बोर्ड ओढून काढा, नवा खोचा, गेम बदलला. सुताराने बनवलेला प्लायवूडचा डबा, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, आणि काल जिथे 'स्नो ब्रदर्स' होता तिथे आज 'मुस्तफा'. असली असो की नकली, पट्टीला दोघेही सारखेच.

आता पाळी आपली

जपानी निर्मात्याला गाठायला विमानाचं तिकीट लागतं, वर दुभाषा. भिवंडीत रिक्षा पुरे. धामणकर नाका असो, वंजारपट्टी असो की पद्मानगर, एखादा गेमवाला चाचा किंवा काका अजून सापडेल. लूमच्या पाळीवरून सुटलेली पोरं थेट त्याच्याकडे यायची. आता तिथे मोबाइलचं दुकान असेल, पण माणूस तोच. त्याला विचारण्यासारखं खूप आहे. बोर्ड कुठून यायचे? भाडं किती आणि वाटणी कशी? बत्ती गेली की मधेच अडकलेल्या कॉइनचा निकाल काय लागायचा? दोरा बांधलेला कॉइन कसा पकडायचात? स्टिक तुटली की कोण सांधायचा? कोणत्या गेमवर गल्ला जास्त जमायचा, आणि कोणता अंगावर पडला?

गेम बनवणाऱ्यांच्या मुलाखती झाल्या, आता तो गल्लीबोळात चालवणाऱ्यांच्या होऊ द्यात. कागद-पेन न्या, श्चेपानियाकची युक्ती वापरा, दुकानात कोणतं मशीन कुठे होतं ते काढून मागा. फक्त उधारीची वही कुठे ठेवायचात, हे विचारू नका. काय सांगावं, काढतील शोधून, आणि पहिल्याच पानावर तुमचं नाव निघायचं.