हजारो उत्तरे आली, पण कोणाची?

संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांसाठी ऑनलाइन सर्वेक्षण तयार करणे आता दहा मिनिटांचे काम झाले आहे. गूगल फॉर्म उघडायचा, चार प्रश्न लिहायचे आणि दुवा पानावर टाकायचा. ही सोय वाढत गेली तसा एक समजही पक्का होत गेला: उत्तरे जितकी जास्त, तितके सर्वेक्षण खरे. समजा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळाने मोपा विमानतळावरच्या टॅक्सींविषयी प्रश्न टाकला, तीन दिवसांत पाच हजार जणांनी उत्तर दिले आणि चौथ्या दिवशी ‘पेडणेकरांचा कौल’ असा मथळा झळकला. असे मथळे आता कोणाला खटकत नाहीत. ते खटकायला हवेत.

2011 च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे 75 हजार आणि डिचोलीची सुमारे 98 हजार. तेव्हा पाच हजार हा आकडा भरघोस वाटतो. पण या पाच हजारांत पेडण्याचे किती, हे फॉर्मला कळत नाही. दुवा टॅक्सीचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला तर उत्तरे एका बाजूला झुकतील, पर्यटकांच्या गटावर गेला तर दुसऱ्या. दुबईला किंवा जहाजावर नोकरी करणारा तालुक्याचा माणूस वेळ काढून उत्तर देईल. हरमलच्या बाजारात मासळी विकणारी बाई कदाचित ते पान कधी उघडणारही नाही. ज्याला विषयाची चीड किंवा ओढ आहे तोच टिचकी मारतो, बाकीचे पुढे सरकतात. अशी एकाच बाजूची पाच हजार उत्तरे पन्नास हजार झाली तरी बाजू तीच राहते.

याचा दाखला जगाला 1936 मध्येच मिळाला. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या 23 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून आल्फ्रेड लँडन निवडून येणार, असे भाकीत झाले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मते मिळवून जिंकले आणि लँडन यांच्या वाट्याला दोनच राज्ये आली. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते, एवढेच कारण नेहमी सांगितले जाते. पण पेव्हरिल स्क्वायर यांनी 1988 मध्ये ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त दाखवून दिले, की मतपत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मते वेगळी असणे हेही या फजितीचे मोठे कारण होते. संकेतस्थळावरच्या फॉर्मला हा दोष जन्मजात असतो.

गोव्यात या गैरसमजाला एक खास फाटा आहे. इथे ‘ओपिनियन पोल’ म्हटले की 16 जानेवारी 1967 आठवतो, आणि त्या शब्दाचे वजन नकळत संकेतस्थळावरच्या कौलालाही चिकटते. 1967 चा जनमत कौल हे सर्वेक्षण नव्हतेच. संसदेने त्यासाठी कायदा केला, मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधी राजीनामा दिला आणि मतदारयादीतल्या प्रत्येकाला मतदानाचा अधिकार मिळाला. गोव्यात महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश कायम राहावा यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. फरक 34,021 चा. आता हीच आकडेवारी तालुक्यांनुसार पाहावी. पेडणे आणि डिचोली विलीनीकरणाच्या बाजूने गेले, सासष्टी ठामपणे विरोधात. केवळ या दोन उत्तरेकडच्या तालुक्यांत मतपेट्या ठेवून ‘गोव्याचा कौल’ जाहीर केला असता, तर तो नेमका उलटा आला असता. त्यातली सगळी मते अस्सल असती, तरीही. पणजीहून चालणाऱ्या संकेतस्थळाकडून पेडण्याविषयी बोलताना हीच चूक उलट्या दिशेने होते.

मग भेट देणाऱ्यांचे सर्वेक्षण करूच नये का? जरूर करावे, पण त्यांच्यापुरतेच. हरमलच्या एखाद्या निवासव्यवस्थेच्या संकेतस्थळाला येणारे काय शोधत आले, दर सापडले का, आरक्षण करताना कुठे अडले, हे विचारायला त्यांच्याहून योग्य माणसे नाहीत. त्यातही फॉर्म कोपऱ्यात कायमचा लटकवण्यापेक्षा दर विसाव्या किंवा पन्नासाव्या भेटीला आपोआप समोर यावा, म्हणजे हौशी वाचकांचेच राज्य होत नाही. रोज येणाऱ्याची पाळी अधिक वेळा लागते, म्हणून ‘गेल्या महिन्यात किती वेळा आलात?’ हा प्रश्न हवा. किती जणांना फॉर्म दाखवला आणि किती जणांनी भरला, हेही निकालासोबत छापावे.

लोकसंख्येच्या निदान दहा टक्के उत्तरे हवीत, हाही असाच चुकीचा हिशेब. यदृच्छ नमुना असेल तर 400 उत्तरांत चूक साधारण पाच टक्के आणि हजारांत तीन टक्के इकडेतिकडे राहते, मग लोकसंख्या डिचोलीची असो वा सगळ्या गोव्याची. मात्र स्वतःहून आलेल्या उत्तरांना हे ‘तीन टक्के’ जोडणे म्हणजे शास्त्राचा नुसता मुलामा. जनमत संशोधकांची अमेरिकन संघटना ‘आपोर’ही अशा पाहण्यांना नमुन्यातील चुकीची ती नेहमीची मर्यादा लावू नये, असे सांगत आली आहे.

बाकीचे समज लवकर निकालात निघतात. ‘एका माणसाचे एकच उत्तर’ ही खूण केली की भागते, असे नाही: गूगल फॉर्म त्यासाठी खात्यात प्रवेश करायला लावतो, आणि खाती एकाची चार असू शकतात. प्रश्न जितके जास्त तितकी माहिती जास्त, हेही खोटे. लांब फॉर्म मोबाइलवर अर्ध्यात सोडला जातो. ‘रस्ते आणि पाणीपुरवठा समाधानकारक आहे का?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, त्याचे उत्तर कशाचेच नाही. फॉर्म फक्त इंग्रजीत चालतो, हा समज पेडण्या-डिचोलीत तरी टिकणारा नाही. मराठी आणि कोंकणी दोन्ही पर्याय दिले नाहीत तर उत्तर देणाऱ्यांची गाळणी पहिल्याच ओळीत होते.

नाव विचारले नाही म्हणजे सर्वेक्षण निनावी, असेही नाही. ईमेल, मोबाइल क्रमांक किंवा आयपी पत्ता साठवला की माणूस ओळखता येऊ शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. या कायद्याची नियमावली नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाली असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे.

राहता राहिला निवडणुकीचा काळ. संकेतस्थळ म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, म्हणून निर्बंध नाहीत, असे मानून मतदानोत्तर कौल टाकणारे महाभाग असतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126अ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या व्याख्येतच इंटरनेट धरलेले आहे, आणि निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत असा कौल घेतला किंवा प्रसिद्ध केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.