न दिसणाऱ्या चाकराला केलेली खूण

संगणकाच्या पडद्यावर दिसते त्याहून न दिसणारे काम कितीतरी अधिक चालू असते. टपाल पोहोचविणे, छपाईची रांग सांभाळणे, मागणाऱ्याला संकेतस्थळाचे पान पुरविणे ही कामे करणारे कार्यक्रम कोणाच्याही समोर न येता रात्रंदिवस जागे असतात. युनिक्स घराण्याच्या संगणकांत त्यांना 'डीमन' म्हणतात. नाव ऐकून सैतानाची आठवण व्हावी हे खरे. पण १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत ते रूढ झाले तेव्हा डोळ्यांसमोर होता तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने कल्पिलेला, रेणूंची निवड करीत बसणारा अदृश्य जीव.

या चाकरापुढे पडदा नाही, कळफलक नाही. मग त्याला काही सांगावयाचे झाल्यास कसे सांगावे? त्यासाठी 'सिग्नल' असतात. सिग्नल म्हणजे नुसता एक क्रमांक; त्यात शब्द नाही, कारण नाही. १५ म्हणजे 'टर्म', अर्थात् आता आवरते घे. ९ म्हणजे 'किल', जागच्या जागी समाप्ती. १ म्हणजे 'हप'. आणि या 'हप'ची कथा मोठी मौजेची आहे. दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या टर्मिनलवरचा मनुष्य फोन खाली ठेवून गेला की ही वार्ता कार्यक्रमाला मिळे. डीमनला टर्मिनलच नसल्यामुळे त्याला ती मिळण्याचे प्रयोजन उरले नाही. रिकामी पडलेली ती खूण मग 'आपली सेटिंगची फाइल पुन्हा वाच' या अर्थाने वापरली जाऊ लागली. हा कायदा नव्हे, वहिवाट आहे; आणि वहिवाट प्रत्येक गावची निराळी असते.

'पोस्टग्रेस' या माहितीसाठ्याच्या डीमनचेच पाहा. 'टर्म' मिळाला की तो नवे ग्राहक घेत नाही, परंतु आत असलेले आपणहून निघून जाईपर्यंत थांबून राहतो. 'इंट' म्हणजे २ मिळाला की चालू व्यवहार रद्द करून, सर्वांना बाहेर काढून, तो नीट बंद होतो. 'क्विट' म्हणजे ३ मिळाला तर कसलीही आवराआवर न करता निघतो, आणि पुढच्या वेळी उठताना त्याला नोंदवहीवरून दुरुस्ती करावी लागते. 'एन्जिनएक्स' या पाने पुरविणाऱ्या डीमनची रीत जवळजवळ उलटी! तेथे 'क्विट' हाच सभ्य निरोप. हातातले काम संपवून तो जातो. 'टर्म'ने मात्र ताबडतोब. एकाची सवय दुसऱ्याला लावणारा व्यवस्थापक कोणाची तरी अर्धी भरलेली मागणी मध्येच तोडतो, आणि आपण सौम्य खूण केली या समाधानात राहतो.

म्हणूनच माहितीपुस्तिकेतील 'सिग्नल' हे प्रकरण दोन ओळींत उरकण्याजोगे नाही. 'हप मिळाल्यास फाइल पुन्हा वाचली जाते' एवढे लिहून पुष्कळ लेखक थांबतात. फाइलमध्ये चूक असेल तर काय, हा खरा प्रश्न. एन्जिनएक्स अशा वेळी जुन्याच सेटिंगवर काम चालू ठेवतो. दूरच्या संगणकात शिरण्याचे दार राखणारा 'एसएसएचडी' मात्र 'हप' मिळताच स्वतःला नव्याने सुरू करतो. फाइल चुकलेली असेल तर तो उभाच राहत नाही. शेकडो मैलांवरून काम करणाऱ्याचे दार त्याच्याच हाताने बंद होते. आधी 'एसएसएचडी -टी' या आज्ञेने फाइल तपासून घ्यावी हे वाक्य अशा ठिकाणी सोन्याच्या मोलाचे असते.

किती वेळ लागेल, हेही लिहिले पाहिजे. आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर 'सिस्टमडी' हा कारभारी डीमनला 'टर्म' देतो, निराळे सांगितले नसेल तर ९० सेकंद वाट पाहतो, आणि मग 'किल' देतो. 'किल' कोणत्याही कार्यक्रमाला अडविता येत नाही. ज्याला आवरायला दोन मिनिटे लागतात त्याने ते पुस्तिकेत सांगितले नाही, तर त्याची मान रोज मुरगळली जाईल. पोस्टग्रेसच्या पुस्तिकेतील नमुन्यात म्हणूनच थांबविताना 'इंट' वापरावा आणि मुदत अमर्याद ठेवावी असे स्पष्ट दिलेले आहे. ही पुस्तिका चांगली म्हणावयाची ती यासाठी.

जे सिग्नल डीमन हाताळत नाही त्यांचाही उल्लेख हवा, ही गोष्ट तर सहसा सुचतच नाही. 'यूएसआर१' हा नावाप्रमाणे कार्यक्रमकर्त्याच्या मर्जीवर सोडलेला. एन्जिनएक्स त्यावर नोंदींच्या फाइली नव्याने उघडतो, 'अपाची' सावकाश पुन्हा सुरू होतो. पण ज्या कार्यक्रमाने त्याची काहीच तजवीज केलेली नाही तो ही खूण मिळताच मरतो. कारण तिचा मूळ परिणामच तो आहे.

युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेतच उणिवा सांगण्यासाठी 'बग्ज' असे वेगळे सदर होते. त्या प्रांजळपणाची येथे फार गरज आहे. एकाच क्रमांकाचे दोन सामान्य सिग्नल लागोपाठ आले, तर डीमनला ते एकच म्हणून मिळू शकतात. तेव्हा त्यांची मोजदाद ठेवू नये, हे तेथे लिहावे. अपाचीला सावकाश थांबविण्यासाठी 'विंच' ही खूण ठेवलेली आहे. ती मूळची 'खिडकीचा आकार बदलला' अशी वर्दी. एरव्ही डीमनला खिडकी नसते म्हणून चालून जाते; पण तपासणीसाठी कोणी अपाचीला टर्मिनलसमोर चालविले आणि सहज खिडकीचा कोपरा ओढला, तर तो निमूटपणे दुकान बंद करून निघून जातो.