ग्रॅनाइटच्या गावचा वास्तुशिल्पज्ञ

मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, निदान चित्रात तरी. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज विटेट हा स्कॉटलंडचा. १९०४ साली तो इकडे आला. असे कितीतरी स्कॉटिश इंजिनियर, डॉक्टर, वास्तुशिल्पज्ञ त्या काळी पोट भरायला देशोदेशी गेले. मात्र आज ओळख करून द्यायची आहे ती बाहेर जाऊन शिकलेल्या आणि परत गावी येऊन तिथेच जन्मभर काम केलेल्या एका गृहस्थाची. त्याचे नाव आर्किबाल्ड सिम्पसन, गाव अ‍ॅबर्डीन. शिक्षकबंधूंनी वर्गात नकाशा उघडावा. एडिंबरोच्या पुष्कळ उत्तरेला, डी नदी समुद्राला मिळते तिथे हे बंदर दिसेल.

सिम्पसन जन्मला १७९० साली, एका कापडव्यापाऱ्याच्या घरी. शाळा झाली, कॉलेजात नाव घातले, पण वडील वारले आणि शिक्षण तिथेच थांबले. मामा बांधकामाचा धंदा करी. त्याच्याकडे पोराने दगडाची ओळख करून घेतली. पुढे १८१० मध्ये तो लंडनला गेला, रॉबर्ट लुगार या वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत राबला, नंतर इटलीतल्या जुन्या इमारती पाहून आला. १८१३ साली तो अ‍ॅबर्डीनला परतला, तेव्हा वय होते अवघे तेवीस.

आता तुम्ही म्हणाल, लंडन सोडून हा आडगावी का आला? पण वेळ मोठी नामी होती. दहाबारा वर्षांपूर्वी गावाने युनियन स्ट्रीट नावाचा एक लांबरुंद सरळ रस्ता काढायला घेतला होता. वाटेत दरी आली, तर तिच्यावर १३० फुटांच्या एकाच कमानीचा दगडी पूल बांधला. या भव्य उद्योगापायी १८१७ साली नगरपालिकेचे दिवाळे वाजले! रस्ता मात्र झाला होता. त्याच्या कडेच्या मोकळ्या जागा भरायच्या होत्या, आणि भरणारा माणूस हजर होता.

अडचण होती ती दगडाची. अ‍ॅबर्डीनच्या भोवती ग्रॅनाइटच्या खाणी. ग्रॅनाइट म्हणजे पृथ्वीच्या पोटात शिलारस सावकाश थंड होऊन बनलेला खडक. त्यात गारगोटीचे आणि इतर खनिजांचे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, अधूनमधून अभ्रकाचे कण चमकतात. पावसानंतर ऊन पडले की हे राखाडी गाव चांदीसारखे झळकते ते त्या कणांमुळे. पण या दगडाची घडाई फार कठीण. वाळूच्या दगडावर वेलबुट्टी जशी झरझर उतरते तशी इथे उतरत नाही. छिन्नी बोथट होते, दिवसच्या दिवस जातात, मजुरी वाढते. आपल्याकडे काळ्या पाषाणाची घडाई करणाऱ्या पाथरवटांना हे वेगळे सांगायला नको.

सिम्पसनने १८१७ मध्ये सेंट अँड्र्यूचे प्रार्थनामंदिर पुरे केले, तेव्हा त्याचा नक्षीदार दर्शनी भाग वाळूच्या दगडाचाच होता. पण त्यानंतर त्याने ग्रॅनाइटची नाडी ओळखली असे मला वाटते. जो दगड नक्षी घेत नाही त्याच्यावर नक्षी लादायची कशाला? तो घेतो काय, तर सरळ रेघ, धारदार कड आणि मोठे सपाट अंग. १८२२ साली पुरे झालेल्या सभागृहापुढे त्याने ग्रीक धर्तीचे सहा ग्रॅनाइटचे खांब उभे केले. ते अजून तिथे आहेत. गाव आता त्या इमारतीला म्युझिक हॉल म्हणते.

त्याचे खरे कसब पाहायचे तर मी बॉन अ‍ॅकॉर्ड क्रेसेंटचे नाव घेईन. शिंप्यांच्या जुन्या संघाची जमीन होती. तिच्यावर १८२३ पासून त्याने चंद्रकोरीसारखी वळत जाणारी घरांची ओळ आखली. भिंतीवर जवळजवळ काहीच नाही! नीट जुळलेले चिरे, मापात बसवलेल्या खिडक्या आणि ते संथ वळण. दागिना न घालता नुसत्या बांध्याने शोभणारे माणूस असते ना, तशी ही घरे.

आयुष्य मात्र सुरळीत गेले नाही. १८२६ साली कचेरीला आग लागून त्याचे नकाशे जळाले. पुन्हा उभा राहून त्याने इस्पितळ बांधले, बँक बांधली, १८३७ पासून मारिशल कॉलेजची इमारत घेतली. लग्न त्याने केले नाही.

मग १८४३ साल उजाडले. चर्चचा धर्मगुरू जमीनदाराने नेमायचा की मंडळींनी निवडायचा, या वादावरून स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. साडेचारशेहून अधिक धर्मगुरू पगार आणि घरदार सोडून बाहेर पडले. अ‍ॅबर्डीनमध्येही त्यांच्या अनुयायांना ताबडतोब छप्पर हवे होते, आणि गाठीला पैसा थोडा. ग्रॅनाइट घडवत बसायला सवड कुठली? सिम्पसनने तीन मंडळींसाठी एकमेकांना जोडून तीन प्रार्थनामंदिरे बांधली आणि त्यांचा उंच मनोरा चक्क विटांचा केला. नमुना जर्मनीतल्या मारबुर्गच्या जुन्या चर्चचा. जन्मभर ग्रॅनाइटशी झुंजलेल्या माणसाने लाल विटेला कमीपणा मानला नाही, हे मला त्याच्या खांबांपेक्षाही मोठे वाटते.

१८४७ च्या मार्च महिन्यात तो वारला. कामे पुढे नेली ती बहुतेक त्याच्याच हाताखालच्या माणसांनी. सभागृहामागचा मोठा दिवाणखाना १८५९ मध्ये त्याचा शिष्य जेम्स मॅथ्यूज याने जोडला. मारिशल कॉलेजचा १९०६ साली पुरा झालेला प्रचंड दर्शनी भाग मार्शल मॅकेन्झीचा, आणि त्याचा बाप सिम्पसनच्या कचेरीत काम केलेला.

सगळेच काही टिकले नाही. त्याने बांधलेली मंडई १८८२ मध्ये जळाली, पुन्हा बांधली, आणि १९७१ मध्ये पाडली. बँक गेली, तिथे पानगृह आले. त्याला नाव मात्र सिम्पसनचेच दिले. त्या तीन प्रार्थनामंदिरांचा बराचसा भाग पडला, शेजारी विद्यार्थ्यांसाठी उंच इमारती उठल्या. विटांचा मनोरा मधोमध अजून उभा आहे.