पाणथळ वाचवायची तर काठावरची वस्ती सोबत हवी

पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने सारसबागेतला 'तळ्यातला गणपती' ऐकलेला असतो. आम्ही विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना विचारले, "मग तळे कुठे गेले?" कुणालाच उत्तर देता आले नाही. त्यांच्यासोबत आलेल्या पालकांनाही नाही.

अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले होते. पुढे ते आटवले गेले आणि त्या जागेवर बाग झाली. तळे गेले, नाव राहिले. आंबिल ओढा मात्र आपली वाट विसरला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल या भागांत घरेच्या घरे धुऊन नेली. पुणे शहर आणि परिसरात त्या पावसात २० हून अधिक माणसे गेली. दोन वर्षांनी, जून २०२१ मध्ये, पावसाळ्यातच दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरे पाडण्यात आली. पुरात ज्यांचे गेले, त्यांचेच पुन्हा गेले. म्हणून पाणथळ हा फक्त पक्षी बघणाऱ्यांचा विषय आहे, असे आम्हाला वाटत नाही.

पाणथळ म्हणजे नेमके काय?

वर्षभर किंवा वर्षातला काही काळ जिथे पाणी साचते किंवा संथ वाहते, जमीन ओली राहते आणि पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती उगवतात, ती पाणथळ जागा. तलाव, नदीकाठची दलदल, खाडी, पावसाळी डबकी हे सगळे त्यात येते. पुण्यात पाषाण तलाव, कात्रजचा तलाव, येरवड्याजवळचा डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा नदीकाठ आणि शहराबाहेर कवडीपाट ही ठळक उदाहरणे.

पाणथळीची मुख्य कामे तीन. पहिले, जोराचा पाऊस झाला की ती पाणी पसरू देते आणि सावकाश सोडते, त्यामुळे खालच्या वस्तीत येणारा लोंढा कमी होतो. दुसरे, साचलेले पाणी जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी-बोअरना ते मिळते. तिसरे, संथ पाण्यात गाळ खाली बसतो आणि पाणकणीस, लव्हाळे यांच्या मुळांशी असलेले जिवाणू घाण काही प्रमाणात कुजवून पाणी निवळतात. 'काही प्रमाणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अख्ख्या शहराचे सांडपाणी निवळणे कुठल्याही पाणथळीच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते सोडत राहिलो की जलपर्णी माजते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर वाढते, पाण्यावर गोधडीसारखी पसरते आणि खाली प्राणवायू पोहोचू देत नाही. रामनदीतून पाषाण तलावात येणाऱ्या घाणीने हेच केले आहे.

शिकवायला गेलो आणि शिकून आलो

नदीकाठच्या एका वस्तीत आमची पहिली बैठक झाली. आम्ही तक्ते नेले होते: कचरा टाकू नका, प्लास्टिक वापरू नका. एक आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाळांनो, आमच्या घरात पाणी येतं दिवसातून दोन तास. आम्ही नदी घाण करणार किती? वरच्या सोसायट्यांचं पाइपातून येतं ते कोण बघणार?"

आम्ही समाजशास्त्र शिकलो, पण हा प्रश्न आमच्या तक्त्यांवर नव्हता. पर्यावरण शिक्षण म्हटले की आपण गरिबाला स्वच्छता शिकवायला निघतो. जो कमी वापरतो त्याला उपदेश आणि जो जास्त वापरतो त्याला नदीकाठचा देखावा, असे त्याचे रूप होऊन बसते. दुसऱ्या बैठकीला आम्ही तक्ते घरी ठेवले आणि कोरे कागद नेले.

वस्तीतल्या ज्येष्ठांनी नकाशा काढला: पूर्वी पाणी कुठवर यायचे, कपडे कुठे धुवायचे, मासे कुठे मिळायचे, कुठला नाला कधी बुजवला. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी अजून काही घरांत आहेत. मुलांनी भिंतींवर पुराच्या खुणा शोधल्या आणि वहीत उंची लिहिली. बाटलीत पाणी भरून गाळ बसायला किती वेळ लागतो ते पाहिले. पक्षी मोजले. शेकाट्या खूप दिसल्या म्हणून मुले खूश झाली. तेव्हा सांगावे लागले की लाल पायांचा हा पक्षी घाण पाण्यातही मजेत राहतो, त्यामुळे त्याचे थवे वाढले म्हणजे नदी सुधारली असे नाही. पक्षी मोजणे सोपे, त्याचा अर्थ लावणे हे शिक्षण.

कायदा काय म्हणतो?

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर शहरात पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून हा दिवस जागतिक पाणथळ दिन. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. महाराष्ट्रातली नांदूर मधमेश्वर, लोणार सरोवर आणि ठाणे खाडी ही रामसर यादीत आहेत.

देशात २०१७ चे पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम लागू आहेत. पण त्यांच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातखाचरे, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मनोरंजन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. पुण्यातले बहुतेक तलाव माणसाने बांधलेले आणि उरलेले पाणी नदीपात्रातले. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरची पाणथळ कागदावर पाणथळ ठरेलच असे नाही. अशा वेळी तिची नोंद ठेवणारे, तिथे भराव पडला की तारखेसह लिहून ठेवणारे, वॉर्ड कार्यालयात अर्ज देणारे लोक हेच तिचे पहिले संरक्षण. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर नदीसुधार प्रकल्प आखला गेला आहे. काठ कसा असावा यावर शहरात वाद आहेत. त्या चर्चेत काठावर राहणाऱ्यांची खुर्ची कुठे आहे, हा आमचा प्रश्न.

रोहिणी आणि चवदार तळे

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेला वाद सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि सुचवले की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तोडगा काढावा. पाण्याचा निर्णय दोन्ही काठांना बसवून घ्यायचा, हा त्यातला धडा.

आणि २० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते, तरी माणसांना तिथे मज्जाव होता. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन हक्क बजावला. आज तळ्यावर जायला कुणी अडवत नाही, पण ओंजळीत घ्यावे असे पाणीच उरले नसेल, तर त्या हक्काचे काय करायचे? तळे राखणे हा त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मुलांना सांगतो.

विहारातून काय करता येईल?

खर्च फारसा नाही. आपल्या भागातला ओढा, नाला, तलाव यांचा नकाशा ज्येष्ठांकडून काढून विहारात लावावा. मुलांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी पाणी, पक्षी, भराव यांची नोंद करावी. एकच वही, एकच जागा, वर्षभर. पावसाळ्याआधी महिला मंडळाने पुराची जुनी पातळी आणि सुरक्षित वाट घरोघरी सांगावी. आणि तीच वही घेऊन वरच्या सोसायटीच्या बैठकीत जावे. २५ जुलै २०२४ ला मुठेचे पाणी एकतानगरीतल्या सोसायट्यांतही शिरले होते. काठ सगळ्यांचा आहे हे आता तिकडेही कळते.

त्या आजींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे अजून नाही. पण आता तो प्रश्न मुलांच्या वहीत पहिल्या पानावर आहे, आणि पुढच्या पानांवर पाइप कुठे कुठे उघडतात त्यांची यादी आहे.