व्हॉल्व्हचा सूर आणि शेजाऱ्याची झोप

श्रीपूर (जि. सोलापूर), प्रतिनिधी : साखर कारखान्याच्या गावात रात्रीचे दोन प्रकार असतात. गळीत हंगामात गव्हाणीची घरघर आणि उसाच्या गाड्यांची वर्दळ अहोरात्र चालू असते. त्या काळात एखाद्या घरातून इलेक्ट्रिक गिटार घुमली, तरी ती त्या कोलाहलात विरून जाते. हंगाम आटोपला, की भिंतीपलीकडची खोकल्याची उबळही ऐकू येते. माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे असेच कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेर गेले. अशा गावातील वसाहतीत काय किंवा पुण्या-मुंबईच्या सदनिकेत काय, ज्याच्या घरी व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर आहे त्याची अडचण एकच असते. यंत्राचा सूर खुलतो तो आवाज मोठा केल्यावर, आणि आवाज मोठा केला की शेजारी दार ठोठावतो.

हा केवळ वादकाच्या मनाचा खेळ आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्यामागे पदार्थविज्ञान आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज उपायांवर पैसे घालणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेण्यासारखे आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत तांबूस उजेड देणारी काचेची निर्वात नळी. आतील तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात, मधल्या जाळीवर गिटारचा क्षीण विद्युतसंदेश येतो आणि त्याच्या तालावर इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह नियंत्रित होतो. नळीला तिच्या कुवतीपलीकडे काम दिले, की ध्वनिलहरीचे माथे कापले जाऊ लागतात. साध्या ट्रान्झिस्टर मंडलात ते एकदम छाटले जातात; व्हॉल्व्हमध्ये ते बहुधा हळूहळू गोलावत जातात. या गोलाईतून मूळ स्वराभोवती नवे उपस्वर जन्मतात. तानपुऱ्याची जवारी नीट लागली, की एका तारेतून अनेक स्वर झंकारू लागतात. तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच, की जवारी हलक्या बोटालाही साथ देते आणि व्हॉल्व्ह मात्र दमल्याशिवाय गात नाही.

ॲम्प्लिफायरमध्ये ही दमणूक दोन ठिकाणी होते. प्रवेशाशी असलेल्या लहान नळ्या, बहुधा ईसीसी ८३ जातीच्या, संदेश मोठा करतात. शेवटच्या टप्प्यातील ईएल ३४ किंवा ईएल ८४ सारख्या नळ्या स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देतात. लहान नळ्यांना मंद आवाजातही दमवता येते. शक्ती देणाऱ्या नळ्यांचे तसे नाही. त्या दमतात तेव्हा त्यांची सगळी शक्ती स्पीकरकडे गेलेली असते. तार जोरात छेडल्यावर अनेक जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये वीजदाब क्षणभर खचतो आणि पुन्हा सावरतो. बोटांखाली जाणवणारी ती लवचीक दाद याच टप्प्यावरची. त्यात भर पडते स्पीकरची. जोराने हलणारा कागदी शंकू स्वतःही सुराला थोडा खरखरीतपणा देतो. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा शंकू चक्क पात्याने चिरून हा खरखरीतपणा मिळवला होता.

तिसरी गोष्ट यंत्रात नाहीच, ती कानात आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज मंद झाला म्हणजे माणसाचा कान खर्जाला आणि अतितार स्वरांना अधिक बहिरा होतो. मधले स्वर तेवढे उरतात. म्हणून तोच ॲम्प्लिफायर, त्याच बटणांवर, हळू आवाजात पोकळ वाटतो. यंत्र बिघडलेले नसते.

आता आकड्यांकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर घरात फार मोठा वाटतो म्हणून ५ वॅटचा घ्यावा, असा सर्रास सल्ला दिला जातो. शक्ती दहा पटीने घटली, की ध्वनीची पातळी १० डेसिबलने उतरते आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. दहावा हिस्सा नव्हे. गिटारसाठी वापरला जाणारा बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे ५ वॅटचे यंत्र पूर्ण दमवले, तर खोलीत १०५ डेसिबलच्या घरात ध्वनी. साधे बोलणे ६० डेसिबलच्या जवळपास असते. एक वॅटही रात्रीच्या घराला जड आहे. तेथे हिशेब वॅटच्या शंभराव्या, हजाराव्या भागात करावा लागतो.

तरीही लहान यंत्राला कमी लेखू नये. शंभर वॅटचे मार्शल ॲम्प्लिफायर १९६०च्या दशकाच्या मध्यास आले ते ‘द हू’सारख्या वाद्यवृंदांना मोठी सभागृहे भरून काढायची होती म्हणून. ध्वनिमुद्रणासाठी ते आवश्यक होतेच असे नाही. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणात पाच वॅटच्या आसपासचा फेंडर चॅम्प वापरला होता. माइकला खोलीतील दणका लागत नाही, त्याला सूर लागतो.

मग घरी करायचे काय? सर्वात स्वस्त उपाय यंत्रावरच असतो. ‘गेन’ आणि ‘मास्टर’ अशी दोन वेगळी बटणे असतील, तर पहिले चढवून दुसरे उतरवावे. दमणूक लहान नळ्यांत होते, आवाज मंद राहतो. अनेक आधुनिक यंत्रांची रचनाच अशी असते आणि ती या पद्धतीने उत्तम वाजतात. जुन्या धाटणीच्या, एकाच बटणाच्या यंत्रांना हे जमत नाही. त्यांच्यापुढे ओव्हरड्राइव्हचे पेडल जोडल्यास बरीचशी भरपाई होते. त्यानंतर खर्ज आणि तार थोडे वाढवावेत. कानाने जे गाळले ते परत घालण्याचा हा मार्ग बिनखर्चाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेकांना सुचत नाही.

ज्यांना शेवटच्या नळ्यांचीच लज्जत हवी, त्यांच्यासाठी ॲटेन्युएटर आहे. हे उपकरण ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते आणि बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने खाऊन टाकते. ‘बॉस्टन’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक आणि अभियंता टॉम शोल्झ याचा ‘पॉवर सोक’ १९८० च्या सुमारास बाजारात आला आणि ही कल्पना रूढ झाली. मात्र ८ किंवा १६ ओहम हा आकडा दोन्ही बाजूंना जुळलाच पाहिजे, आणि उपकरणाची क्षमता ॲम्प्लिफायरच्या वॅटहून अधिक हवी. नळ्या पूर्ण ताकदीनेच झिजतात, हेही ध्यानात ठेवावे. थोडी कपात केली तर सूर टिकतो. फार कपात केली, की स्पीकर निपचित पडतो, कान आपला कर वसूल करतो आणि हजारो रुपये खर्चून पुन्हा तोच पोकळपणा पदरी येतो.

रात्री दहानंतरचे प्रामाणिक उत्तर हेडफोन हेच. लोड बॉक्स नावाचे उपकरण स्पीकरऐवजी सगळी शक्ती पचवते आणि स्पीकरच्या ध्वनीची संगणकीय छाप देऊन सूर हेडफोनमध्ये पोहोचवते. व्हॉल्व्हची हुबेहूब नक्कल करणारी अंकीय यंत्रेही आता इतकी पुढे गेली आहेत, की मुद्रित संगीतात भेद ओळखणे जाणकारालाही कठीण जाते. एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर किंवा लोड न जोडता चालवू नये. आवाज बंद करण्यासाठी स्पीकरची वायर काढून टाकणाऱ्यांचा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो, आणि त्याची किंमत अनेकदा बाकी दुरुस्तीहून भारी पडते.

जुन्या रेडिओचा गिटारसाठी उपयोग करण्याचा मोह अनेकांना होतो. तो समजण्यासारखा आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली होती, आणि रेडिओत वाजणारी ईएल ८४ हीच नळी ब्रिटिश व्हॉक्स ॲम्प्लिफायरचीही ओळख ठरली. पण ए.सी. आणि डी.सी. दोन्हींवर चालणाऱ्या अनेक जुन्या रेडिओंमध्ये मुख्य ट्रान्स्फॉर्मर नसतो. त्यांचा लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. अशा सेटला गिटार जोडली, तर हातातील तारांतच २३० व्होल्ट उतरू शकतात. ट्रान्स्फॉर्मर असलेल्या यंत्रातही आत ३०० ते ४५० व्होल्ट खेळत असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात. पेटी उघडण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे आणि घरातील तीन पिनांच्या सॉकेटचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे. जेथे विजेचा दाब वारंवार उतरतो, तेथे नळ्यांचे तापमान घटून सूर मलूल होतो. अशा वेळी दोष ॲम्प्लिफायरच्या माथी मारण्याआधी व्होल्टमीटर पाहिलेला बरा.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक चढू नये. मोबाइलवरील ॲपने दाराबाहेर मोजणी करून पाहणारे वादक असतात. सवय चांगली आहे, पण तिच्यात एक फट आहे. नियमातील मोजणी कानाच्या प्रतिसादाला अनुसरून खर्जाला कमी महत्त्व देते. गिटारची सर्वात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि त्या स्वराचे सुमारे २२ डेसिबल मीटर वजा करतो. भिंत मात्र ते वजा करत नाही. खर्ज तिच्यातून सहज पलीकडे जातो. ॲम्प्लिफायर जमिनीवरून उचलून स्टँडवर किंवा जाड फोमवर ठेवला आणि सामायिक भिंतीपासून दूर सरकवला, तर फरशीतून जाणारी धडधड बरीच कमी होते. त्यानंतर कोणाला तरी गिटार वाजवायला बसवून स्वतः शेजाऱ्याच्या खोलीत पाच मिनिटे बसून यावे. मीटरला जे दिसत नाही ते तेथे ऐकू येते.